बर्फातली डबी

माझ्या नवऱ्याचा, हरिदासचा, डावा हात कोपराच्या वरपर्यंत आमच्या चांदी गाईच्या पोटात होता. उजव्या हातात बीज सोडायची गन होती आणि गालात तंबाखू. मी चांदीची म्होरकी धरून उभी होते. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होत्या.

"पुन्हा उलटली," आत्याबाई म्हणाल्या. "आता बाजार दाखवा तिला. वांझ जनावराला पेंड घालून कुणाचं भलं झालंय?"

उलटली म्हणजे भरवलेली गाय गाभण न राहता परत माजावर आली. माजावरच्या गाईचा चिकट स्राव म्हणजे सोट. आमच्या घरात हे शब्द मिठासारखे होते, कारण हरिदासचा धंदाच तो. मोटारसायकलला नायट्रोजनचा कॅन बांधायचा, त्यात वळूच्या बीजाच्या कांड्या, आणि गावोगाव गाई भरवत हिंडायचं. माळशिरसच्या त्या पट्ट्यात त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. जिला तो हात लावील ती गाय फळते, असं त्याचं नाव होतं.

"आई, गप बस," हरिदास म्हणाला. "गाईत कायबी खोट न्हाय. पिशवी चांगली हाय, सकाळपासनं सोट टाकतीय. कांडीच बाद असंल. मागं कॅनमधला नायट्रोजन खाली गेला व्हता. गाय उलटली की आधी कांडी बघायची, मग गाय."

मी म्हणाले, "अवो, मग माझी कांडी कवा बघायची?"

आत्याबाईंच्या बोटातली शेंग तशीच राहिली. हरिदासनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. हात काढता येईना, कारण गन आत होती. तेवढ्यात चांदीनं त्याच्या दंडावर भसकन शेण टाकलं.

"काय बोलली ही?" आत्याबाईंनी विचारलं.

"बोलले ते ऐकलंत तुमी. सहा वर्सं मी उलटतीय. सहा वर्सं गाय तपासताय. कांडी कुणी तपासली?"

दुसऱ्या दिवशी माझं पोट फोडायचं ठरलं होतं, म्हणून हे तोंडातून निघालं. तालुक्याच्या डॉक्टरनं दुर्बिणीतून तपासणी सांगितली होती. बेंबीजवळ भोक पाडून आत बघायचं. त्याच्या आधी त्यानं माझ्या नळ्यांत औषध सोडून फोटो काढले होते. त्या टेबलावर मी तोंडात पदर कोंबून पडले होते आणि फोटोत नळ्या मोकळ्या निघाल्या होत्या. त्याच्या आधी रक्त, लघवी, सोनोग्राफी. त्याच्याही आधी अकलूजच्या एका बाईची काढ्याची बाटली, एका बाबाचा अंगारा, उपाशीपोटी कडुलिंबाचा रस. डोहाळजेवणाला मला कुणी बोलवत नव्हतं. बोलावलंच तर ओटी भरायच्या वेळी ताट माझ्या हातातून हळूच काढून घ्यायचे. आणि एवढ्या वर्षांत एकाही माणसानं, त्या शिकलेल्या डॉक्टरनंसुद्धा, हरिदासला एक प्रश्न विचारला नव्हता.

हरिदासनं हात काढला, हातमोजा उलटा करून फेकला, चांदीच्या पाठीवर थाप मारली.

"मला काय झालंय?" तो म्हणाला. आवाज बारीक होता. "तुला म्हाईत न्हाय व्हय? त्या बाबतीत काय कमी हाय का?"

"त्या बाबतीत कायबी कमी न्हाय," मी म्हणाले.

आत्याबाई तोंड फिरवून "रामा रामा" करायला लागल्या.

"पर तुमीच सांगितलं व्हतं न्हवं? ट्रेनिंगला गेल्ता तवा एक वळू बघितला. पहाडासारखा. गाईवर असा उडायचा की माणसं लांब पळायची. आणि त्याची एक कांडी भरता आली न्हाय. बीजच नव्हतं. काढून टाकला त्याला."

हरिदास हौदावर जाऊन हात धूत बसला. एकच हात कितीतरी वेळ धुतला.

"बाप्याला काय तपासायचं असतंय?" आत्याबाई म्हणाल्या. "मिशा हायत्या, आवाज हाय, दोन मानसांचं काम करतंय माझं लेकरू. बाईच्या जातीनं असलं बोलू ने, वैजंता."

"उद्या मी जात न्हाय दवाखान्यात," मी म्हणाले. "माझ्या पोटाला आता भोक पडायचं न्हाय. ह्यांची तपासणी झाल्याबिगर न्हाय. मग मला माहेरी धाडा, न्हायतर चांदीबरोबर बाजारात उभी करा."

गेलेच नाही. घरात भाकरी करत होते, धारा काढत होते, पण हरिदासशी बोलत नव्हते. तो गाई भरवून यायचा, गोठ्यात बसायचा. एका संध्याकाळी मी चुलीपुढं होते, तर मागं येऊन उभा राहिला.

"लॅबवाल्याला इचारलं," तो म्हणाला. "तीन-चार दिस लांब ऱ्हायचं म्हणला. मग द्यायचं."

"लांबच हाय की आपण," मी म्हणाले.

तो हसला. मीही हसले असेन, चुलीकडं तोंड होतं म्हणून बरं.

अडचण निराळीच निघाली. लॅब तालुक्याच्या स्टँडसमोर, एका खोलीची. आत संडास, त्याला अर्धी कडी, आणि बाहेर बाकावर बसलेली दहा माणसं. त्यातली निम्मी हरिदासला ओळखणारी. "रामराम डॉक्टर, आमची म्हैस बघायला कवा येताय?" असं कुणीतरी म्हणायचं आणि ह्यानं हातात डबी घेऊन आत जायचं. त्याला ते जमणार नव्हतं. यावरून मी त्याला हसत नाही. बाईला टेबलावर पाय फाकवून झोपवतात तेव्हा तिला जमतं का, हे कुणी विचारत नाही, एवढंच माझं म्हणणं.

मग त्यानं घरूनच न्यायचं ठरवलं. आत्याबाईंना पहाटे शेताकडं पाठवलं. खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर आला तेव्हा हातात लसीची पेटी होती. लाळ-खुरकताची लस ज्या निळ्या पेटीत बर्फाच्या बाटल्या घालून न्यायचे, ती.

"ही कशाला?" मी विचारलं.

"माझं काम मला शिकवती व्हय? बीज थंडीत जगतंय. उन्हात न्हेलं की मेलं." एखाद्या चांगल्या वळूच्या कांड्या नेतोय अशा काळजीनं त्यानं झाकण दाबलं. "मांडीवर धर. हिसका बसू देऊ नगं."

मी मोटारसायकलवर मागं बसून ती पेटी मांडीवर धरली. तालुका येईपर्यंत माझ्या मांड्या बधिर झाल्या. हरिदास खड्ड्याखड्ड्याला गाडी हळू करत होता आणि मागं वळून विचारत होता, "हाय का सरळ?" लग्नात वरात निघाली होती तेव्हासुद्धा त्यानं मला एवढं जपून नेलं नव्हतं.

लॅबवाल्यानं डबी घेतली आणि आत गेला. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. तासाभरानं त्यानं हरिदासला खुणेनं बोलावलं. मी मागोमाग गेले. त्यानं माझ्याकडं बघून "बाई, तुम्ही जरा…" असं केलं. मी हलले नाही.

"एकपण हलत नाही," लॅबवाला म्हणाला. "आहेत कमी, आणि आहेत ते सगळे पडलेले आहेत."

"पडल्यात म्हंजे?"

"मेलेले हो, डॉक्टर. तुम्हाला मी काय सांगू?"

हरिदास लॅबच्या पायरीवर बसला. समोरून माणसं जात होती, कुणीतरी रामराम घातला, ह्यानं हातसुद्धा उचलला नाही. सहा वर्षं मला वाटायचं की ज्या दिवशी ह्याच्यात खोट निघेल त्या दिवशी मी पेढे वाटीन. आता खोट निघाली होती आणि माझा नवरा स्टँडसमोर धुळीत बसला होता. पेढे वाटायची वासनाच राहिली नाही. राग मात्र होता. तो ह्याच्यावर नव्हता, पण कुणावर काढावा ते कळेना.

घरी आल्यावर त्यानं कॅन कोपऱ्यात ठेवला तो उचललाच नाही. लोक बोलवायला यायचे. "डॉक्टर, गाय सोट टाकतीय, माज निघून जाईल." हा आतून सांगायचा, "आजारी हाय म्हणावं." मी दारात उभी राहून खोटं बोलायची.

"का जात न्हाईसा?" एक दिवस मी विचारलं.

"माझ्या हातानं काय फळणार?"

"गाई काय तुमच्या बीजानं फळत व्हत्या का?"

तो कोपऱ्यातल्या कॅनकडं बघत म्हणाला, "वैजंता, तू दुसरं घर कर. मी सोडचिठ्ठी देतो. तुझ्यात खोट न्हाय, हे मी गावाला सांगतो."

आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता आकांत करतील. त्या नुसत्या म्हणाल्या, "लेकरा, तुज्या बारशाला मी अख्खं गाव जेवू घातलं व्हतं रं." आणि डोळ्याला पदर लावला. मी त्यांच्याशी पुष्कळ भांडलेय, पुढंही भांडले. त्या वेळी मात्र मी त्यांच्या हातातली परात घेतली आणि भाकऱ्या मी थापल्या.

मग हरिदासला म्हणाले, "चांदी उलटली तवा तुमी लगीच बाजारात न्हेली का? न्हाय न्हेली. कारण शोधलं. उठा, सोलापूरला जायचंय. माझ्या आत्तेबहिणीनं एका डॉक्टरणीचं नाव सांगितलंय."

डॉक्टर शबाना मुजावर. पन्नाशीची बाई, चष्मा नाकावर घसरलेला, टेबलावर खारे दाणे. तिनं माझी फाईल उघडली, दोन पानं बघितली आणि विचारलं, "बाईंचं एवढं सगळं झालंय. साहेबांचं काय झालंय?"

सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे विचारलं होतं. मला रडू आलं. मी रडणारी बाई नाही.

हरिदासनं मान खाली घालून सांगितलं. मेलेले. सगळे.

"नमुना कुठं दिलात? लॅबमध्ये?"

"न्हाय, घरनं न्हेला."

"कसा नेला?"

"बर्फातनं," हरिदास म्हणाला. "लसीच्या पेटीत. झाकण घट्ट लावून. जरासुदिक ऊन लागू दिलं न्हाय."

मुजावर मॅडमचा हात दाण्यांवर थांबला. तिनं चष्मा वर केला.

"बर्फातून का हो?"

"मी गाई भरवतो. आमच्यात समदं थंडीतच असतंय."

ती बाई हसायला लागली. मोठ्यानं, पोट धरून, टेबलावर हात आपटून. बाहेरची नर्स डोकावून गेली. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "माफ करा. पण मारलेत तुम्हीच त्यांना, साहेब. वळूच्या बीजात औषध मिसळतात, मग गोठवतात, म्हणून ते जगतं. माणसाचं कच्चं बीज बर्फावर ठेवलं तर गारठून पडतं. ते अंगाच्या उबेनं आणायचं. शर्टाच्या आतल्या खिशात. आणि लवकर. ह्या तुमच्या बाईंनी पदराखाली धरून आणलं असतं तरी चाललं असतं."

मला माझ्या बधिर मांड्या आठवल्या. अख्खा रस्ता मी ती पेटी धरून बसले होते, हिसका लागू नये म्हणून.

हरिदासच्या चेहऱ्यावर काय काय आलं ते मला सांगता येणार नाही. "म्हंजे जित्ती हायत?" एवढंच तो म्हणाला.

"ते अजून माहीत नाही. कमी आहेत असं लॅबवाला म्हणालाय, ते बर्फानं होत नाही. म्हणजे काहीतरी आहेच. एका नमुन्यावर मी कुणाला निकाल देत नाही. इथं आमची खोली आहे, आतून कडी आहे, घाई नाही. आज एक द्या, काही आठवड्यांनी दुसरा. आणि आमचे डॉक्टर कटारे तुम्हाला तपासतील. एक गोष्ट दोघंही लक्षात ठेवा. मर्दपणा वेगळा आणि बीज वेगळं. एकाचा दुसऱ्याशी संबंध असलाच पाहिजे असं नाही."

खोलीत जाताना हरिदास माझ्या कानाशी म्हणाला, "वळूला निदान म्होरं कायतरी उभं करत्यात."

"मी येऊ का उभी ऱ्हायला?" मी म्हणाले.

तो लाजला. लग्नानंतर पहिल्यांदा.

कटारे डॉक्टरांनी त्याला उभं करून तपासलं, खोकायला लावलं. बाहेर आला तो मला कोपऱ्यात घेऊन सांगायला लागला. शरम कुठच्या कुठं गेली होती, धंद्यातला माणूस जागा झाला होता.

"डाव्या अंगाला शिरा फुगल्यात. दुभत्या म्हशीच्या कासंवर असत्यात बघ, तशा. रगत तिथंच तुंबतंय, म्हणून तिथं गरमी वाढती, आन बीज नीट बनत न्हाय. बाहेर लोंबतंय ते थंड ऱ्हावं म्हणूनच देवानं बाहेर ठेवलंय म्हणला. मी कसं ध्यानात घेतलं न्हाय गं? वळूच्या गोठ्यात उन्हाळ्यात पंखे का लावत्यात? मला म्हाईत व्हतं की हे!"

"वळूचं म्हाईत व्हतं," मी म्हणाले.

पुढं रक्त तपासलं, यंत्रानं शिरा बघितल्या. दोन्ही नमुन्यांत बीज जिवंत निघालं, पण थोडं आणि मंद. कटारे डॉक्टरांनी शिरा बांधायचं ऑपरेशन सांगितलं. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण पुष्कळांना येतो. बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळं लगेच काही दिसणार नाही. तंबाखू आजपासून बंद. आणि गाडीच्या तापलेल्या सीटवर दिवसभर बसणं कमी. तरी नाही जमलं तर बीज धुऊन, चांगलं तेवढं निवडून, बाईच्या पिशवीत सोडता येतं.

"कांडीनं?" हरिदासनं विचारलं.

"तसंच समजा," कटारे डॉक्टर म्हणाले. "बारीक नळीनं."

हरिदासनं माझ्याकडं बघितलं. "आपल्याच धंद्यातलं हाय," तो म्हणाला. दुकानात ओळखीचा माल दिसल्यासारखा त्याला धीर आला होता.

ऑपरेशन झालं. भोक पडलं, पण माझ्या पोटाला नाही. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून मी संत्री सोलत होते आणि मनातून खूश होते. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

घरी आल्यावर खरी गाठ आत्याबाईंशी पडली. त्यांनी आल्या आल्या दार लावून घेतलं.

"गावात इचारलं तर हर्निया सांगायचं," त्या म्हणाल्या. "गडी मानसं वजन उचलत्यात, हर्निया हुतो. कुणाला संशय न्हाय."

"बरं," हरिदास म्हणाला.

मी त्याला तपासणीपर्यंत ओढत नेलं होतं. ह्यापुढं ओढायचं नाही असं ठरवलं होतं. माझ्या मनात एकच होतं. सहा वर्षं माझ्या नावावर जे बोललं गेलं, ते हर्नियाखाली तसंच गाडलं जाणार. उद्या मूल झालंच तर म्हणतील, वैजंताला शेवटी औषध लागू पडलं.

काही दिवसांनी तो डेअरीवर गेला. वजन उचलायला मनाई, म्हणून दुधाची किटली मी धरली होती. सकाळची वेळ, रांग लागलेली. डेअरीवर गावातले सगळे जिभेचे पैलवान जमतात. भानुदास तात्या कठड्यावर बसले होते. हे तात्या एकदा पारापाशी, भर रस्त्यात, माझ्या देखत म्हणाले होते, "डॉक्टर, गावच्या गाई गाभण, आन घरची कोरडी!" तेव्हा अख्खा पार हसला होता, आणि हरिदासही हसला होता. ते मी विसरले नव्हते.

"या डॉक्टर," तात्या म्हणाले. "लई दिस झालं. काय हर्निया का काय म्हणत्यात?"

हरिदासनं किटली माझ्या हातातून घेतली. मी "नको" म्हणेपर्यंत खाली ठेवली.

"हर्निया न्हाय, तात्या," तो म्हणाला. "आमाला पोर हुत नव्हतं न्हवं, त्याचं ऑपरेशन. खोट माझ्यात व्हती. वैजंतात कायबी खोट न्हाय, कधीच नव्हती. तुमी सगळ्यांनी तिला बोललासा, मी बी ऐकून घेतलं. आता ऐकून घेणार न्हाय."

फॅट मोजायच्या यंत्राची घरघर तेवढी चालू होती. दूध घेणारा पोरगा माप हातात धरून तसाच उभा. तात्यांनी पानाची पिचकारी मारायला तोंड वळवलं ते वळवलेलंच राहिलं. बायांच्या रांगेतून कुणाची तरी बांगडी वाजली.

"म्होरं सरका की," हरिदास रांगेतल्या माणसाला म्हणाला. "दूध नासंल."

घरी जाताना मी त्याच्या दोन पावलं मागं चालत होते. सवयीनं. तो थांबला आणि मी बरोबरीला येईपर्यंत थांबून राहिला.

त्यानंतर हरिदासनं कॅन पुन्हा गाडीला बांधला, आणि आमच्या गोठ्यात एक नवंच चालू झालं. लिंगू नावाचा एक तरणा गडी आला. हरिदासनं विचारलं, "गाय कुठाय?" "आणली न्हाय," लिंगू म्हणाला. "कधीपासनं माजावर हाय?" "तसं न्हाय, डॉक्टर…" आणि तो चांदीच्या पाठीवरची गोचीड काढत बसला. चांदी तोपर्यंत गाभण होती, नव्या कांडीनं. गोचिडी संपल्या तेव्हा त्यानं विचारलं, सोलापूरला कसं जायचं. हरिदासनं डॉक्टरणीचं नाव सांगितलं आणि वर सांगितलं, "बर्फातनं न्हेऊ नगं."

मग दुसरा आला. मग बाहेरगावचा एक, जो मोटारसायकल लांब झाडाखाली लावून चालत आला. कुणाचं लग्नाला वर्ष झालेलं, कुणाचं दहा. एकजण तर दुसरी बायको करून आलेला, आणि तीही उलटत होती. सगळे गाईचं निमित्त सांगायचे आणि गाय न घेता यायचे.

माझी मुलगी पुढच्या वर्षी झाली. नळीची गरज पडली नाही, आणि पडली असती तरी मी लाजले नसते. बारशाला मी भानुदास तात्यांच्या सुनेला, जिला मूल नव्हतं, पहिली ओटी भरायला लावली. ताट तिच्या हातातून कुणाला काढू दिलं नाही. पुढच्याच आठवड्यात तात्या स्वतः आपल्या पोराला घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

आत्याबाई ओसरीवर नातीला पायांवर घेऊन तेल लावत होत्या. तात्यांना बघून त्यांनी पदर सारखा केला.

"डॉक्टर हायत का?" तात्यांनी विचारलं.

"हायत गोठ्यात," आत्याबाई म्हणाल्या. आणि मग तात्यांच्या मागं उभ्या लेकाकडं नीट बघून, हातातलं तेल चोळता चोळता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "गाईचं काम हाय, का तुमचं?"